चिरलेल्या नळीपासून दौंडपर्यंत

मामाचं पत्र आलं ते त्याच्या मुलीच्या अक्षरात. पाकीट बघूनच आई काय ते समजली. "विशूनं स्वतः नाही लिहिलं," एवढंच म्हणाली आणि चष्मा लावून खिडकीशी जाऊन बसली.

विश्वनाथमामा आईचा धाकटा, एकुलता भाऊ. नोकरीनिमित्त भोपाळला गेला आणि चाळीस वर्षं तिथलाच झाला. काचबिंदूनं आधी एक डोळा नेला, मग दुसरा. मामी गेल्यावर एकट्यानं राहणं शक्य नव्हतं, म्हणून मुलगी त्याला कायमचं बंगळूरला न्यायला निघाली होती. त्यांची गाडी पुण्याला येणार नव्हती. मनमाडवरून दौंडला येऊन तशीच सोलापूरकडे निघून जाणार होती. पत्राच्या शेवटी लिहिलं होतं, 'दौंडला इंजिन या टोकाचं काढून त्या टोकाला लावतात. गाडी वीस मिनिटं तरी उभी असते. आत्या, जमलं तर बघा. बाबांना उतरता येणार नाही.'

आई सत्त्याहत्तर वर्षांची, मामा चौऱ्याहत्तर. अकरा वर्षांत दोघांची भेट नव्हती.

"वीस मिनिटं पुष्कळ झाली," आई म्हणाली.

आईच्या गुडघ्यांना रेल्वेचे जिने सोसणारे नव्हते, त्यामुळे आमच्या जुन्या गाडीनंच जायचं ठरलं. शिरूरला आईची बालमैत्रीण कुसुममावशी राहते. तिनं हुरड्याला बोलावलं होतं. तेव्हा पहिला मुक्काम शिरूरला आणि दुसऱ्या दिवशी तिथून दौंड, असा बेत केला. यजमान कामासाठी नागपुरात होते. त्यांनी फोनवर बजावलं, "सोळा वर्षांची गाडी आहे. टायर, तेल, पाणी बघून घे." मी टायर, तेल आणि पाणी बघितलं. ज्या वस्तूनं आमचा सगळा प्रवास अडवला, ती आपल्या गाडीत असते हे मला ठाऊकच नव्हतं. चाळिशीत गाडी शिकलेल्या माझ्यासारख्या भूगोलाच्या शिक्षिकेला बॉनेटखालचा प्रदेश परकाच.

तळेगाव ढमढेरे

जानेवारीतली सकाळ होती. शिक्रापूरला नगर रस्ता सोडून तळेगावात शिरलो, कारण कुसुममावशीला काटेरी वांगी न्यायची असं आईनं घरूनच ठरवलेलं. बाजाराचा दिवस. जीपांमधून माणसं उतरत होती, टपावरून कोथिंबिरीची गाठोडी खाली येत होती. आमच्या पुण्यात मंडईतली बाई भाजीला हात लावू देत नाही. इथल्या बाईनं वांगं मोडून आईच्या हातात दिलं आणि म्हणाली, "बघा की आतनं. किडकं निघालं तर मला शिव्या घाला." आई अशी खूश झाली की दोनाऐवजी चार किलो वांगी घेतली.

बाजारातून बाहेर पडताना गाडी पहिल्यांदा बिघडल्यासारखी वाटली. पाय पेट्रोलवर असला की नीट चालायची. जरा वेग कमी केला की इंजिन एकदम हुंदका दिल्यासारखं खाली जायचं, मग उसळायचं, मग पुन्हा खाली. दोनदा जीपांच्या गर्दीत बंदच पडली. पुढून कुठूनतरी फुस्स असा बारीक आवाजही येत होता. मी तो बाजारातल्या कुकरचा समजले.

शिरूरला पोचल्यावर एका गॅरेजात दाखवलं. मालक घाईत होता. बॉनेट उघडलं, स्क्रूड्रायव्हरनं एक स्क्रू फिरवला आणि इंजिन मोठ्यानं गुरगुरायला लागलं.

"आयडलिंग कमी होतं, वाढवून दिलंय. आता बंद पडणार नाही."

"आणि तो आवाज?"

"जुनी गाडी आहे मॅडम. आवाज करणारच."

हे वाक्य इतक्या आत्मविश्वासानं म्हटलं गेलं की मला पटलं.

शिरूर

दुसऱ्या दिवशी कुसुममावशीच्या शेतात सकाळीच आगटी पेटवली होती. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेली कणसं तिच्या पुतण्यानं तळहातावर चोळली आणि गरम हिरवे दाणे आमच्या पुढ्यात पडले. लसणाची चटणी, दही, गुळाचा खडा. दोघी मैत्रिणी एकमेकींच्या दुखऱ्या गुडघ्यांची चौकशी करत खात होत्या. मी घड्याळ बघत होते. मामाची गाडी दौंडला एक वाजून वीस मिनिटांनी येणार होती. साडेनऊला आम्ही निघालो. अंतर फार नाही. हाताशी साडेतीन तासांहून जास्त वेळ होता. मला वाटलं आपण उगाच लवकर निघतोय.

न्हावऱ्याच्या पुढे रस्त्यावर खडी पसरली होती. तिथल्या कामगारानं लांबूनच हात केला आणि म्हणाला, "वडगाव रासाईच्या अंगानं जावा. हितनं ट्रक बी न्हाई जायचा." म्हणून आम्ही भीमेकाठच्या रस्त्याला लागलो. दोन्ही बाजूंना उभा ऊस. मध्येच तोडलेलं रान, पाचटाचे ढीग, तोडणी कामगारांच्या खोपी. रस्ता नदीकडे उतरत होता आणि वळणं उसात लपलेली होती. शिरूरकरांनी वाढवलेल्या आयडलिंगमुळे गाडी स्वतःच पळू बघत होती, त्यामुळे मला सारखा ब्रेक दाबावा लागत होता.

एका वळणावर समोर उसानं भरलेली बैलगाडी आली.

ब्रेकवर पाय ठेवला आणि तो खाली जाईना. पाय दगडावर ठेवल्यासारखं वाटलं. गाडी पुढे जातच होती. मी दोन्ही पाय ब्रेकवर ठेवून अक्षरशः उभी राहिले, पाठ सीटला टेकवून सगळं अंग रेटलं. बैल, जू, उसाच्या वाड्यांचा, म्हणजे शेंड्यांचा, हिरवा डोंगर काचेत मोठा मोठा होत गेला. हातभर अंतर उरलं असताना गाडी थांबली. इंजिनानं एक आचका दिला आणि तेही थांबलं.

बैलांनी आमच्याकडे बघितलं आणि मान वळवली. गाडीवानानं बैलांना हाकारलं. बाजूनं गाडी काढून निघून गेला. आई शेजारी दोन्ही हात मांडीवर ठेवून बसली होती.

"नीलू," ती म्हणाली, "किती वाजले?"

"पावणेअकरा."

"मग आहे वेळ."

तिनं मला एका शब्दानं विचारलं नाही की काय झालं. मी दार उघडून खाली उतरले, गाडीभोवती एक फेरी मारली आणि पुन्हा आत बसले.

वडगाव रासाई

किल्ली फिरवली की इंजिन सुरू व्हायचं, थरथरायचं आणि विझायचं. पुण्यात रस्त्यात गाडी बंद पडली की मागचे लोक हॉर्न वाजवतात. इथे पाच मिनिटांत उसातून, बांधावरून, सायकलवरून चौघे जण आले आणि बॉनेट उघडायच्या आतच वाकून बघायला लागले. त्यातल्या सगळ्यात वडीलधाऱ्यांना बाकीचे आबा म्हणत होते. साठीच्या पुढचे, उंच, लाल फेटा, हातात विळा.

"पेट्रोल हाय का, बाई?"

"आहे, आबा."

"मग माझं ज्ञान संपलं," आबा म्हणाले आणि मोकळेपणानं हसले. "पान्याच्या इंजनाचं मला कळतं. ह्या यंत्रात लई नळ्या दिसत्यात. आधी म्हातारीला सावलीत आना. वस्ती ही काय हितंच हाय."

वस्ती म्हणजे चार खोल्या, पुढे शेणानं सारवलेलं अंगण आणि लिंबाखाली बांधलेल्या पाच मेंढ्या. आबांच्या बायकोनं, हौसाबाईंनी, बाज टाकली, आईला हाताला धरून बसवलं आणि पाण्याचा तांब्या आणि गूळ पुढे ठेवला. आबा सांगत होते, "माझ्या बापानं जनम मेंढरांमागं काढला. दिवाळी झाली की कोकनात उतरायचं, पाऊस आला की माघारी. मी ऊस लावला आन् एका जागी बसलो. ह्या पाच हौसाबाईच्या हट्टाच्या."

"हट्ट न्हाई वं," हौसाबाई म्हणाल्या. "दारात मेंढरू नसंल तर मला झोप येत न्हाई."

मग त्यांनी आईला विचारलं, "कुठं निघालाय म्हनायचं?"

आईनं सांगितलं. भाऊ, त्याचे डोळे, अकरा वर्षं, वीस मिनिटं. अगदी सरळ, चार वाक्यांत. आबा उठले, पायात वहाणा घातल्या.

"भालेराव घरी असंल. त्याला आनतो. रेल्वेतला हाय, त्याला सुचंल कायतरी."

भालेराव आले ते सायकलवरून. अंगानं बारीक, केस पांढरे, पायजम्याला सायकलची चिमटी, कॅरियरला जुनी खाकी पिशवी. आबांना "जय भीम, आबा" म्हणाले, आबांनी "राम राम, या" म्हणून जागा करून दिली. दोन वर्षांपूर्वी ते दौंडहून निवृत्त झाले होते. डब्यांच्या देखभालीत तीस वर्षं फिटर.

"चालू करा मॅडम," ते म्हणाले. "पेट्रोल देऊन धरून ठेवा. आन् बाकी कुणी बोलू नका."

मी इंजिन धरून ठेवलं. त्यांनी बॉनेटवर हात टेकले, मान तिरकी केली आणि डोळे मिटले. मग डोळे न उघडताच हात आत घातला आणि एका काळ्या नळीवरून बोट फिरवत नेलं. एका ठिकाणी ते थांबले. इंजिनाचा आवाज बदलला. धडपड थांबली आणि ते एका लयीत, भरभर, चालायला लागलं.

त्यांनी बोट काढलं. पुन्हा फुस्स, पुन्हा आचके.

"हितं या. तुमचं बोट द्या."

बाजूला उभ्या असलेल्या एकानं पेट्रोलचा पाय सांभाळला आणि मी वाकले. नळी अंगठ्याएवढी जाड, वाकणाच्या खालच्या अंगाला चिरलेली. वरून बघितलं तर काही दिसत नव्हतं. बोट ठेवलं आणि मी दचकले. आतून कुणीतरी बोट ओढून घेत होतं.

"ओढ लागली ना? ही व्हॅक्यूमची नळी. इंजिन श्वास आत ओढतं, त्या ओढीवर तुमच्या ब्रेकला जोर मिळतो. नळी फाटली की दोन गोष्टी होतात. ब्रेकचा जोर जातो, सगळं तुमच्या पायावर येतं. आन् चिरेतनं फुकटची हवा आत घुसती, मग इंजिनाला पेट्रोल-हवेचा मेळ लागत न्हाई."

"तुम्हाला आवाजावरून कळलं?"

"रेल्वेचे ब्रेक पूर्वी ह्याच ओढीवर चालायचे, मॅडम. दोन डब्यांच्या मधी असली मोठी नळी असायची. तीस वर्षं गाडीखाली वाकून हाच फुस्स आवाज ऐकत फिरलो. माझ्या बायकोनं झोपेत सुस्कारा टाकला तरी मी उठून बसायचो."

सगळे हसले. आईसुद्धा. निदान कशानं दुखतंय ते तरी कळलं होतं.

पण कळणं आणि बरं होणं यात बरंच अंतर होतं. सव्वाअकरा झाले होते. भालेरावांनी चिकटपट्टी गुंडाळून बघितली. मिनिटभर इंजिन छान चाललं, मग पट्टी चिरेतून आत ओढली गेली आणि पुन्हा फुस्स. मग आबांनी ठिबकच्या नळीचा तुकडा आणला. जोडला तसा तो ओढीनं चपटा झाला, जणू कुणी दोन बोटांत चिमटला.

"पातळ नळी चालायची न्हाई," भालेराव म्हणाले. "ओढीला टिकंल अशी पाहिजे. दौंडला दुकानात मिळंल. पण दौंडला जायाचं कसं हाच तर सवाल हाय."

पावणेबारा. जीप मिळाली तर? आबांनी एकाला फाट्यावर धाडलं होतं. तो परत येऊन म्हणाला की खडीमुळं जीपाच ह्या अंगाला फिरकल्या नाहीत. मी आईकडे बघितलं नाही. बघायचं धाडस झालं नाही.

आबा मधेच कुठे गेले होते. ते खांद्यावर फवारणीच्या पंपाची लांबलचक पिवळी नळी घेऊन आले.

"ही बघ रं भालेराव. हिच्यात दोऱ्याची वीण हाय. औषधाचा दाब सोसती, मग ओढ न्हाई का सोसायची?"

भालेरावांनी नळी दाबली, वाकवली, तोंडाला लावून ओढून बघितली. "आबा, नवी दिसतीया."

"परवाच आनली."

"कापावी लागंल."

आबा खाली बसले. नळी बाजेच्या माचव्यावर धरली, विळा लावला आणि हातभर तुकडा कापून भालेरावांच्या हातात दिला. मी काहीतरी बोलायला गेले तर म्हणाले, "हातभर कमी झाली म्हनून काय ऊस उगवायचा न्हाई? दोन पावलं जास्त चालीन."

नळी ताठ होती, तोंडावर चढेना. हौसाबाईंनी चुलीवरचं आधण उतरवून आणलं. भालेराव नळीचं टोक उकळत्या पाण्यात बुडवायचे, मऊ झालं की फडक्यात धरून पिळत चढवायचे. जुन्या नळीच्या मधोमध एक पांढरा, गोट्यासारखा तुकडा होता. तो त्यांनी जपून काढला, एका बाजूनं फुंकर मारली, दुसऱ्या बाजूनं मारली.

"हवा एकाच बाजूला सोडती ही झडप. उलटी बसली तर ब्रेक मेला." पुन्हा एकदा फुंकून खात्री केली, नीट बसवला, जुन्याच चिमट्या आवळल्या. नवी नळी गरम लोखंडाला लागू नये म्हणून तिला सुतळीनं वर बांधून टाकली.

"चालू करा."

इंजिन केकाटल्यासारखं ओरडलं. मी बंद करायला किल्लीकडे हात नेला, पण भालेराव हसत होते.

"कुनीतरी हा स्क्रू वाढवून ठेवलाय. आजारी मानसाला उपचार सोडून पळवलं, तशातली गत." त्यांनी स्क्रू अर्धा अर्धा फेरा मागे घेतला. आवाज उतरत उतरत इतका शांत झाला की अंगणातल्या मेंढ्यांचा रवंथ ऐकू यायला लागला. फुस्स कुठेच नव्हतं.

"आता बंद करा. ब्रेक चार-पाच वेळा दाबा. दगड झाला? तसाच दाबून धरा आन् आता किल्ली मारा."

मी किल्ली फिरवली आणि पायाखालचा दगड मऊ झाला. ब्रेक आपल्या आपण थोडा खाली गेला, जणू कुणी खालून हात काढून घेतला. मला रडूच आलं. स्टिअरिंगवर डोकं ठेवून मी क्षणभर तशीच बसले.

"साडेबारा," आई बाजेवरून म्हणाली.

भालेरावांनी आपलं घड्याळ बघितलं. "ती गाडी तीन नंबरला लागती. पूल चढून जावं लागतं. ह्या गुडघ्यांनी तुमचं काय व्हायचं न्हाई, आई. मी येतो बरोबर. आबा, माझी सायकल ऱ्हाऊ द्या हितं." हौसाबाईंनी त्यांना हात धुवायला साबण दिला आणि आबांचा एक धुतलेला सदरा. तो त्यांच्या अंगात झग्यासारखा झाला.

पाटसवरून

नदीचा पूल ओलांडला, चौफुला मागे पडला, सोलापूर रस्त्याला लागलो. मी पहिल्या दोन वळणांवर उगाच ब्रेक दाबून बघितला. दोन्ही वेळा गाडी आज्ञाधारकपणे थबकली. पाटसला साखर कारखान्याच्या अलीकडे ट्रॅक्टरांची रांग, हवेत मळीचा गोडसर आंबूस वास. एका ट्रॅक्टरची दुसरी ट्रॉली रस्त्यात तिरकी झाली होती. मी हलकेच पाय ठेवला, थांबले, वाट मिळाली तशी निघाले. सकाळी दोन पायांवर उभं राहून जे जमत नव्हतं ते आता बोटाच्या टोकानं होत होतं.

मागच्या सीटवरून भालेराव सांगत होते, गाडी आली की आधी इंजिन सुटतं, मग ते शेजारच्या रुळावरून दुसऱ्या टोकाला जातं, जोडलं जातं, मग ब्रेक तपासतात. "तपासणी झाल्याबिगर गाडी हलत न्हाई. ते काम माझं होतं, म्हनून मला म्हाईत."

"आज कुणी तुमच्यासारखा असेल ना तिथं?" आईनं विचारलं.

"असंल की. मीच शिकवलेला."

दौंड

स्टेशनच्या आवारात शिरलो तेव्हा एक अठ्ठावीस झाले होते आणि गाडी येऊन उभी होती. जाळीतून तिचे निळे डबे दिसत होते. भालेराव दार उघडून आधी उतरले, दोन्ही टोकांकडे बघितलं.

"इंजिन सुटलंय, अजून लागलं न्हाई. बारा मिनटं धरा. ह्या बाजूनं या."

पुलाकडे न जाता ते आम्हाला पार्सलच्या फाटकाकडे घेऊन गेले. तिथे एक हमाल पोत्यांची हातगाडी रिकामी करत होता. भालेराव त्याच्याशी दोन शब्द बोलले. पुढच्याच क्षणी सत्त्याहत्तर वर्षांची माझी आई, नऊवारी सावरून, हातगाडीवर ताठ बसली होती. फलाटाच्या टोकाला सामान ओलांडायची उतरती वाट असते, तिथून हमाल आणि भालेराव हातगाडी ढकलत रूळ ओलांडून तीन नंबरवर चढले. मी मागे धावत होते. लोक बघत होते. आई कुणाकडे बघत नव्हती. ती डब्यांवरचे आकडे वाचत होती.

"एस फोर! नीलू, एस फोर!"

खिडकीशी मामेबहीण उभी होती, हात हलवत. आणि तिच्या शेजारी मामा. पांढरा शर्ट, काळा चष्मा, मान आवाजाच्या दिशेला वळवून बसलेला. मामा इतका लहान झाला असेल असं मला वाटलं नव्हतं.

आई हातगाडीवरून उतरली, खिडकीच्या गजांतून हात आत घातला आणि म्हणाली, "विशू."

मामानं दोन्ही हातांनी तो हात धरला. चेहऱ्याजवळ नेला. "आक्के," तो म्हणाला, "हाताला चुलीच्या धुराचा वास येतोय तुझ्या."

मी मागे सरले. मामेबहिणीसाठी चहा आणि पाण्याची बाटली आणायला गेले. परत आले तेव्हा आई खिडकीला चिकटून भरभर काहीतरी बोलत होती आणि मामा मान खाली घालून ऐकत होता, ओठ किंचित उघडे, हसरे. भालेराव थोडे लांब, एका तरुण फिटरशी बोलत उभे होते. मग त्यांनी माझ्याकडे बघून दोन बोटं दाखवली. दोन मिनिटं. मी आईला सांगितलं नाही.

गाडी हलली. आईनं हात काढला नाही. खिडकीबरोबर ती चालत राहिली, त्या गुडघ्यांनी, बोलत बोलत, दहा-बारा पावलं, आणि मग गजांतून हात आपोआप सुटला. ती तिथेच उभी राहिली. शेवटचा डबा जाईपर्यंत मी तिच्या पाठीला हात लावून उभी होते. मला वाटलं ती रडेल. ती वळली आणि म्हणाली, "चला, भालेरावांना काहीतरी खायला घाला. त्यांनी सकाळपासून पाण्याशिवाय काही घेतलं नाही."

वडे खाल्ले, चहा घेतला. मग भालेराव आम्हाला एका सुट्या भागांच्या दुकानात घेऊन गेले आणि तिथल्या दारातच, आबांच्या झग्यासारख्या सदऱ्याच्या बाह्या दुमडून, खरीखुरी काळी जाड नळी बसवली. पिवळ्या नळीचा तुकडा पुसून पिशवीत ठेवला. "जोड टाकून आबांचा पंप पुन्हा होता तसा करून देतो," म्हणाले. मी ब्रेक दाबून बघितला, इंजिन बंद चालू करून बघितलं, मग परत एकदा बघितलं. त्यांनी एकदाही 'पुरे' म्हटलं नाही.

पुन्हा वस्तीवर

पुण्याचा रस्ता सरळ होता, पण भालेरावांची सायकल वस्तीवर होती आणि त्यांना जीपमध्ये कोंबून पाठवायला आमचं मन होईना. ऊन कलतं झालं तेव्हा आम्ही पुन्हा आबांच्या अंगणात होतो. गाडीचा आवाज ऐकून हौसाबाई पिठाच्या हातांनीच बाहेर आल्या. गाडीचं काय झालं, नळी मिळाली का, यातलं त्यांनी काही विचारलं नाही.

"भेट झाली का?"

"झाली," आई म्हणाली आणि मग बाजेवर बसून सगळं सांगत सुटली. सकाळपर्यंत जिचं तोंडही बघितलं नव्हतं त्या बाईला. आबा मेंढ्यांना पाला टाकता टाकता ऐकत होते. मीही ऐकत होते, कारण खिडकीशी काय बोलणं झालं ते मलाही माहीत नव्हतं. दौंडहून येताना मी विचारलं नव्हतं.

"मी म्हटलं, कसा आहेस? तर म्हणाला, ते सोड. माझं सगळं तुला पत्रातनं कळलंय आणि तुझं मला. मला सांग, समोर काय दिसतंय?"

"म्हंजी?" हौसाबाई म्हणाल्या.

"म्हणजे फलाटावर काय चाललंय ते. भोपाळपासून बसलाय ना बिचारा. रात्र झाली की दिवस झाला ते दुसऱ्याला विचारायचं. पोरगी दमलेली, तिला किती विचारणार? म्हणाला, लहानपणी तू मला सगळं दाखवायचीस, तसं दाखव. मग मी सांगायला लागले. म्हटलं, निळं इंजिन एकटंच मागे चाललंय. पेरूवाली आहे, पाटी डोक्यावर, पण पेरू विकत नाही, दुसऱ्या बाईशी भांडतेय. एक शिपाईगडी ट्रंकेवर बसून दाढी करतोय, आरसा दुसऱ्या ट्रंकेला टेकवलाय. तर विचारतो, भांडण कशावरनं? मी म्हटलं, अरे मला ऐकू येत नाही. तर म्हणतो, मला येतंय, जागेवरनं भांडतायत!"

आई हसायला लागली. हसता हसता तिचा आवाज फाटला आणि तिनं पदर डोळ्यांना लावला. हौसाबाईंनी पिठाचा हात तसाच तिच्या गुडघ्यावर ठेवला.

"आन् मग?"

"मग काय. आमचं सुखदुःखाचं काही बोलणंच झालं नाही हो. गाडी हलली तरी तो म्हणत होता, अजून सांग, आक्के, अजून सांग. आणि मी सांगत होते."